उभा दाब, आडवी पट्टी

त्या गड्याच्या बुडाला खुर्ची माहीत नव्हती. बत्तीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत गेली, पण त्याची म्हणून जी खुर्ची होती तिच्यावर रबरी हातमोज्यांची खोकी रचलेली. तो आपला उभा. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, आणि मोठ्या सरांनी बोलावून बसायला सांगितलं तर त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिली काटकोनात लावत उभा. जबरदस्तीनं बसवला की पाय हलायचे, पाय दाबून धरले की बोटं वाजायची.

हात मात्र जणू दुसऱ्याच कुणाचे लावलेले. कापायला बसवलेल्या तारेपाशी गेले की ते हात असे थंड व्हायचे की बघणाऱ्याला पेंग यावी. दोन मिलिमीटरची चकती मागा, दोनचीच मिळणार. मापाचं यंत्र बाजूला ठेवून तो चकती नखावर घ्यायचा आणि म्हणायचा, ही अजून एक हात घासायला हवी. मग यंत्रावर बघितलं तर खरंच केसभर जाड निघायची. त्यामुळे सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. पाळण्यातलं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं.

त्याचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. काही धातूंचं मिश्रण असं असतं, की त्याचा तुकडा एका अंगानं तापवला आणि दुसऱ्या अंगानं गार ठेवला की त्यातून वीज निघते. चाक नाही, धूर नाही, आवाज नाही. कारखान्याच्या धुराड्यातून आणि मोटारीच्या नळीतून फुकट जाणारी आच पकडायची आणि तिची वीज करायची, एवढ्या लोभापायी त्या इमारतीतली शिकलीसवरलेली माणसं डोक्याचे केस घालवून बसली होती. अडचण एकच. तुकड्यातून वीज सरळ वाहिली पाहिजे आणि आच अडखळली पाहिजे. आच एका दमात पलीकडे पोचली की दोन्ही अंगं सारखीच तापतात आणि खेळ खलास. म्हणजे दार असं हवं की माणूस सुखानं जावा आणि वारा अडावा. हे दार कितपत जमलं त्याचा एक आकडा काढतात. विजेची मोजणी होते लांबट पट्टीवर, आचेची मोजणी होते गोल चकतीवर. पट्टी आणि चकती एकाच तुकड्यातून कापायची, आणि कापणारा मिलिमीटर.

तो पंचविशीत लागला तेव्हा माल वितळवून करायचे. धातू तोलून काचेच्या नळीत भरायचे, आतली हवा ओढून घ्यायची, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं, आणि भट्टीत तीन दिवस. लगड निघायची चकचकीत, पण स्वभावानं पाटीच्या दगडासारखी. एका अंगानं नखानंही थर सुटावेत, दुसऱ्या अंगानं करवत दमावी. वीजही तशीच, थरांच्या कडेनं धावायची, थरांना छेदून जाताना अडायची. तेव्हा भट्टीवर एक म्हातारा उस्ताद होता, तोंडानं फाटका. त्यानं मिलिमीटरला पहिल्या दिवशी एक पेन्सिल दिली आणि बजावलं, आधी बाण, मग तार. थर कुठल्या बाजूनं चाललेत त्याचा बाण तुकड्यावर काढल्याशिवाय तारेला हात लावलास तर बोटं कापून याच नळीत भरीन. मिलिमीटरनं अठरा वर्षं बाण काढला. पेन्सिल कानावर अशी बसली की तिथं घट्टा पडला.

मग दिवस पालटले. वितळवणं मागं पडलं आणि दळणं आलं. पोलादी डब्यात माल आणि पोलादी गोळ्या घालून दहा दहा तास गरगर फिरवायचं. खोलीत धडधड अशी की बोलायचं तर एकमेकांच्या कानात तोंड घालावं लागे. त्यातून निघायची काळी पिठी. ती काळ्या शिशाच्या साच्यात भरून, तापवून, वरून दाबली की औषधाच्या जाड गोळीसारखं पेलेट तयार. पिठीचे दाणे गोलसर, पोत्यात धान्य पडावं तसे कसेही पडलेले. त्यांना ना उभं ना आडवं. पहिली दोन वर्षं मिलिमीटरनं मुद्दाम दोन्ही बाजूंनी कापून दिलं, मोजणीवाल्यानं मोजलं, आकडा तोच आला. तेव्हा बाण सुटला. उस्ताद तोवर घरी बसला होता, शिव्या घालायला कोणी नव्हतं. चौदा वर्षं झाली. पेन्सिल कानावर राहिली, पण नुसती शोभेला.

आणि तीन वर्षांपूर्वी ती आली. वय असेल अठ्ठावीस, अंगानं काटकी, तोंडात सदैव पेनचं टोपण. सगळे तिला मॅडम म्हणत, मिलिमीटर ताई म्हणायचा. ती ना वितळवायची ना दळायची. ती माल उगवायची. क्षार पाण्यात विरघळवून, पोलादी भांड्यात घट्ट बंद करून एक दिवस भट्टीत ठेवायची. बाहेर निघायचा काळा चिखल. तो धुतला, वाळवला की खाली राहायच्या टिकल्या. इतक्या बारीक की बोटावर घेतल्या तर बोट चमकावं, बाकी काही कळू नये. एका भांड्यातून जेमतेम दोन ग्रॅम. एक उंच पेलेट करायचं तर सहा भांडी आणि तीन आठवडे. दळलेल्या मालाचा आकडा गेली दहा वर्षं एकावर अडून बसला होता. ताईचं म्हणणं, ह्या टिकल्यांच्या कडा आचेला अडवतील आणि आकडा हलेल. मोठे सर मान हलवायचे, आणि तिला दर वर्षाच्या वर्षाला मुदत वाढवून द्यायचे. ह्या वेळची मुदत महिनाअखेर संपत होती. पुढं तीन वर्षं मिळायची की सामान बांधायचं, हे ठरवायला बाहेरचे चार जण महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी येणार होते. आकडा नसेल तर त्यांच्यापुढं दाखवायला तिच्याकडं काळी बोटं तेवढी होती.

पहिलं उंच पेलेट दाबायचं ठरलं त्या सकाळी ती मिलिमीटरला म्हणाली होती, "काका, कापताना दिशा सांभाळा हं. पट्टी आणि चकती एकाच दिशेची."

"ताई, पिठाला कसली दिशा?" तो हसला होता. "चौदा वर्षं कापतोय."

ती अनुभवापुढं गप्प बसली. आणि तिथंच माती खाल्ली गेली, दोघांकडून.

त्या दिवशी झालं ते असं. पेलेट दाबून झालं. साचा गार व्हायला सहा तास ठेवायचा नियम. नियम मिलिमीटरनंच भिंतीवर लिहून चिकटवलेला. पण सहा तास खोलीत करायचं काय? त्यानं हत्यारं पुसली, खिळे आकारानं लावले, खिडकीची कडी सैल होती ती आवळली, मग पुन्हा सैल करून पुन्हा आवळली. तीन तासांनी साचा हाताला सोसवेल इतका निवला आणि त्याच्यानं राहवेना. दांडा लावून पेलेट ढकललं. टक् असा बारीक आवाज झाला. वरचा भाग तिरका तडकून हातात आला.

चौदा मिलिमीटर उंचीतले आठ राहिले. ठरलं होतं असं, की पेलेटच्या उंचीत उभी पट्टी कापायची. तिला बारा मिलिमीटर तरी लांबी हवी. आठात बारा कुठून आणणार? पण पेलेट रुंदीला बारा होतंच. त्यानं चकती वरून कापली आणि उरलेल्यातून पट्टी आडवी काढली. ताई त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत होती. संध्याकाळी त्यानं सांगितलं, वरचा टवका गेला पण काम भागलं. वहीत लिहिलं: चकती एक, पट्टी एक, कापणी नेहमीप्रमाणे. खोटं लिहिलं असं त्याला वाटलं नाही. त्याचं नेहमीचं ते तसंच होतं.

मोजणीवाला म्हणजे तळमजल्यावरचा जाडगेला माणूस. त्याला मोजणी सोडून सगळ्या जगाची खबर असायची. तो जिना चढत नसे. त्या दिवशी तीन मजले चढून आला, धापा टाकत दारात उभा राहिला आणि कागद पुढं धरला. आकडा पावणेदोन.

ताईनं टोपण तोंडातून काढलं. पुन्हा मोजा म्हणाली. त्यानं पुन्हा मोजलं. त्या आठवड्यात बारा वेळा मोजलं. तीच पट्टी, तीच चकती, तोच आकडा. मोजणीवाला ज्याला त्याला सांगत सुटला की अहो, मिलिमीटरचा हात आहे, आकडा काय बिशाद खोटा बोलेल. मोठे सर स्वतः चालत खोलीत आले आणि त्यांनी मिलिमीटरच्या खांद्यावर हात ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ताईनं उरलेल्या टिकल्यांची एक बाटली भरून बाजूला ठेवली. दुसऱ्या एका संस्थेतले लोक तोच आकडा आपल्याकडं काढून बघणार होते, त्यांना पाठवायची होती. अगदी एका पेलेटपुरता माल. दुसरा कणही शिल्लक नव्हता.

असे दहा-बारा दिवस गेले. मग आला रविवार.

मिलिमीटरची बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत यंत्र, भिंतीला टांगलेले कोट, आणि जमिनीवर एवढ्या टाचण्या की घरात चपला घालूनच फिरावं. रविवारी नवरा घरी म्हणजे तिच्या कपाळाला आठी, कारण हा एका जागी ठरायचा नाही. यंत्राला तेल घाल, कात्रीला धार लाव, खडू आकारानं रच. त्या दुपारी शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आपला पांढरा कोट परत घेऊन आले. धुतल्यापासून उजवी बाही पिरगाळल्यासारखी लोंबत होती. डावी ठीक. बायकोनं कोट घेतला, माफी मागितली, डॉक्टर गेल्यावर बाही उलटी केली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं?" तो कात्री पुसता पुसता म्हणाला.

"कापड कमी पडलं होतं. ही बाही आडव्या धाग्यावर कापली."

"कापड तर एकच आहे."

"एकच आहे म्हणूनच. उभ्या धाग्यावर कापाल तर एक चाल, आडव्यावर कापाल तर दुसरी. डावी एक आणि उजवी एक झाली की कोट माणसाच्या अंगावर भांडतो." तिनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. "तुम्हाला सांगून काय उपयोग? तुमचं ते दगडाचं काम. जरा बसा तरी."

तो बसला. बायकोनं वळून बघितलं, कारण लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि बस म्हटल्यावर हा माणूस बसला असं कधी घडलं नव्हतं. तो बाहीकडं बघत होता. पाय हलत नव्हते. मग एकदम उठला आणि चपला न शोधता दारापर्यंत गेला, परत आला, पाणी प्याला, भांडं पालथं घातलं, सरळ केलं. काय चावलं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, काही नाही, टाचणी.

सोमवारी तो शिपायाच्याही आधी पोचला. पेलेटच्या उरलेल्या तुकड्यांची डबी कपाटात होती. त्यातला एक तुकडा चिमट्यानं मोडला आणि मोडलेलं अंग भिंगाखाली धरलं. बाजूनं बघितलं तर वहीच्या पानांसारखे थर, एकावर एक, गच्च. वरून बघितलं तर सपाट, गुळगुळीत, चमचमणारं. ते पीठ नव्हतंच. त्या टिकल्या होत्या, आणि टिकल्यांवर वरून दाब आला की वाळली पानं पायाखाली बसावीत तशा त्या आडव्या बसतात. सगळ्याच्या सगळ्या. ताईनं उगवलेला माल पुन्हा उस्तादाच्या काळात जाऊन बसला होता, थरांचा, दिशेचा, बाणाचा. आणि यानं त्याला पिठासारखं कापलं होतं.

पुढचा हिशेब त्याला शिकवायला कुणी नको होतं. वीज मोजली ती आडव्या पट्टीत, थरांच्या कडेनं, जिकडं ती धावते. आच मोजली ती चकतीतून उभी, वरून खाली, थरांना छेदून, जिकडं ती अडते. दोन्हीकडचं चांगलं चांगलं उचललं आणि एकाच तुकड्याच्या नावावर लावलं. एक बाही उभी, एक आडवी, आणि कोट मात्र पावणेदोन.

त्याच्या पायाला भिंगरी लागली. सोमवारी तो जिना किती वेळा चढला-उतरला याची मोजदाद शिपायानं केली, नऊ. दर वेळी तळमजल्यावर जाऊन मोजणीवाल्याच्या दारात उभा राहायचा आणि तारेला लावायचं मेण आहे का असं विचारायचा. मेण त्याच्याच खोलीत असायचं. मोजणीवाला म्हणाला, घरी भांडण झालंय का? सांगून मोकळा हो, मी कुणाला सांगणार नाही, फक्त पाच-सहा जणांना. मिलिमीटरला हसू आलं नाही.

सांगायचं तर काय होणार ते दिसत होतं. आकडा पडणार. शुक्रवारी पोरगी रिकाम्या हातानं त्या चौघांपुढं बसणार. आणि बत्तीस वर्षं ज्या हातावर लोक डोळे मिटून विसंबले, तो हात चुकला हे चावडीवर येणार. न सांगावं तर? शुक्रवार निभावेल. मग ती बाटली दुसऱ्या संस्थेत जाईल. तिथं कोणीतरी बाण काढूनच कापील आणि पावणेदोन येणार नाही. तेव्हा विचारतील, खोटं कुणी केलं? कागदावर नाव ताईचं. मिलिमीटर तोवर निवृत्त होऊन खिडक्यांच्या कड्या आवळत बसलेला.

हे सगळं कळूनही तो सोमवारी बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत ताईपाशी जाऊन एवढंच म्हणाला, की पुन्हा एकदा मोजून बघूया का. ती हसून म्हणाली, काका, बारा वेळा झालंय, अजून किती नजर लावता? तो बरं म्हणून वळला. घरी जाताना बसमधून तीन थांबे आधी उतरला आणि चालत निघाला. चालताना फरशीच्या रेघा पायाखाली आडव्या येत होत्या आणि तो त्या चुकवत होता, लहान पोरासारखा.

मंगळवारी दुपारी ताई त्या काचेच्या पेटीपाशी होती. हवा लागून माल बिघडू नये म्हणून आत दुसरा वायू भरलेली पेटी, आणि तिच्या भिंतीला कोपरापर्यंतचे दोन रबरी हातमोजे. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून वासरू फिरवावं, तसं त्यात हात घालून काम करायचं. तिचे दोन्ही हात आत होते, पाठ ह्याच्याकडं. त्याला वाटलं, हे बरं, तोंड दिसत नाही.

"ताई, पट्टी आडवी आहे."

तिचे हात आत थांबले. "कुठली पट्टी?"

"पावणेदोनची. चकती उभी, पट्टी आडवी. तुकडा तडकला होता. मी साचा लवकर काढला होता."

ती वळली नाही. मग तिनं हात ओढून बाहेर काढले, मोजे आत लोंबकळत राहिले. मोडलेला तुकडा आहे का, असं तिनं विचारलं. त्यानं डबी खिशातूनच काढली. तिनं भिंगाखाली बघितलं, बाजूनं, वरून, पुन्हा बाजूनं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"रविवारी."

"आणि आज मंगळवार." तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात काळे होते. "मी दिशा सांभाळा म्हटलं होतं, काका."

"म्हटलं होतं. मी हसलो होतो."

"वहीत नेहमीप्रमाणे लिहिलंय. मी वाचलं आणि पुढं गेले. मिलिमीटरला कोण विचारणार?" तिनं हसल्यासारखं काहीतरी केलं. मग चिडली. अशी चिडली की कॉरिडॉरमधून जाणारा शिपाई परत फिरला. तीन वर्षं, तीनशे भांडी, एकेक भांडं धुताना सोललेली बोटं, आणि तुमच्यानं तीन तास बसवलं नाही! मिलिमीटर उभा होता. हलला नाही, बोटं वाजवली नाहीत. तिचं बोलून संपलं तेव्हा त्यानं कपाटाकडं बघितलं. तिथं ती पाठवायची बाटली होती.

तिनंही तिकडंच बघितलं.

बुधवारी सकाळी दहाला दाबाचं यंत्र सुरू झालं. ताईनं टिकल्या साच्यात स्वतःच्या हातानं भरल्या, बाटली उलटी करून तळावर टिचक्या मारल्या, राहिलेलं ब्रशनं झाडून घेतलं. हे तडकलं तर पुढचं तीन आठवड्यांनी, आणि शुक्रवार परवावर. तापमान चढलं, दाब चढला, अर्धा तास धरून ठेवला, मग बंद. आता सहा तास.

मिलिमीटरनं खुर्चीवरची खोकी उतरवून खाली ठेवली. खुर्ची साच्यासमोर ओढली आणि बसला. ताई कोपऱ्यातल्या टेबलावर काहीबाही लिहीत होती, पण तिचं लक्ष ह्याच्यावर. पहिल्या तासात त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. दुसऱ्या तासात त्याच्या टाचेनं जमिनीवर ठेका धरला, तेव्हा त्यानं एक पाय दुसऱ्या पायानं दाबला. तिसऱ्या तासाला खिडकीची कडी वाऱ्यानं वाजायला लागली. टक, टक, टक. तो कडीकडं बघत राहिला. कपाळावरून घाम उतरला, मानेत गेला. कडी वाजतच होती. शेवटी ताई उठली आणि तिनं कडी आवळली. त्यानं अशा नजरेनं बघितलं की तिनं कडी सैल करून पुन्हा एकदा नीट आवळली.

सहा तास झाले. त्यानं आणखी अर्धा तास घेतला. मग उठला, मुंग्या आलेले पाय झाडले, दांडा लावला आणि ढकललं. पेलेट बाहेर आलं, अखंड, काळसर, चौदा मिलिमीटर. दोघांनीही ते टकटक वाजवून बघितलं. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली. शोभेची पेन्सिल, टोक बोथट झालेलं. तिथंच ब्लेडनं तासली आणि पेलेटच्या अंगावर वरून खाली बाण काढला. पट्टी उभी कापली. चकती वरून कापली. दोन्हींच्या डब्यांवरही बाण काढले.

गुरुवारी मोजणीवाल्याला कारण सांगितलं नाही, नुसतं मोज म्हटलं. आकडा सव्वाला टेकत नव्हता, किंचित खाली.

शुक्रवारी सकाळी ताईनं दोन्ही कागद मोठ्या सरांपुढं ठेवले. मिलिमीटर दारात उभा होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग चष्मा काढून त्यांनी हळूच विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे?

"सर, मला माहीत आहे," ताई म्हणाली.

सरांनी चष्मा घातला. पावणेदोनचा कागद दुमडला, आणि कापलं कुणी असं विचारलं. मिलिमीटर आत आला आणि मी म्हणाला. टेबलावर पेन्सिली वाकड्यातिकड्या पडल्या होत्या, त्यानं त्यांना हात लावला नाही. सर काय म्हणाले ते मिलिमीटरनं घरीसुद्धा सांगितलं नाही. एवढं कळलं, की त्यापुढं कापणीच्या प्रत्येक नोंदीवर दोन सह्या लागणार होत्या, कापणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. बत्तीस वर्षांत त्याच्या हातावर कुणी दुसरी सही मागितली नव्हती.

दुपारी ते चौघे आले. मिलिमीटर बाहेरच्या बोळात येरझारा घालत होता. आतलं अर्धवट ऐकू येत होतं. तिनं सव्वाच्या खालचाच आकडा सांगितला. फळ्यावर पेलेट काढलं, त्यावर बाण काढला, टिकल्या कशा बसतात ते सांगितलं, आधीचा आकडा कसा फसवा होता तेही सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही. आमच्याकडून कापताना दिशा चुकली म्हणाली. चौघांतला एक म्हातारा म्हणाला, की ही चूक आम्हीसुद्धा केलेली आहे, फक्त आम्हाला कळायला चार वर्षं लागली होती. दुसऱ्यानं विचारलं, मग ह्या टिकल्यांचा दळलेल्या मालापेक्षा फायदा तो काय, पावच ना? ती म्हणाली, हो, पाव. पण दहा वर्षांत पहिला.

तीन वर्षं मिळाली नाहीत. सहा महिने मिळाले, ते संपल्यावर पुन्हा बघू म्हणून. ती बाहेर आली तेव्हा तोंडात टोपण होतं. सहा महिन्यांत किती पेलेट होतील, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, भांडी वाढवा, बारा होतील. ती म्हणाली, तडकली नाहीत तर. तो म्हणाला, तडकणार नाहीत. आणि त्याचं त्यालाच पटलं नाही, म्हणून लगेच साचा तपासायला वर निघून गेला.

गोष्ट अर्थातच मोजणीवाल्याच्या दारातून सगळ्या इमारतीत गेली. मिलिमीटर हे नाव महिनाभरात मागं पडलं. आता त्याला आडवाउभा म्हणतात. शिपाई तोंडावर म्हणतो, सिलिंडर आणणारा लांबून ओरडून म्हणतो. त्याला राग येतो. बायकोला कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, डॉक्टरांच्या कोटाचे तुमच्यावर उपकार आहेत.

आता कुणीही तुकडा घेऊन आलं की हा तार सुरू करत नाही. आधी विचारतो, माल उगवलाय की दळलाय की वितळवलाय, दाब कुठून होता, वर कुठलं अंग, खाली कुठलं. बघणारे वैतागतात. परवा एक जण म्हणाला, काका, ही भिंगाखाली नमुना ठेवायची साधी काच आहे, तिला कुठं दिशा असते? आडव्याउभ्यानं त्या काचेवर आधी बाण काढला, मग वही पुढं केली आणि म्हणाला, इथं सही करा.